आमच्या ओट्यावरची बेकारी

मी बेकार ठरले त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता, आणि तुपाला हात आखडता घेतला नव्हता. हे ऐकून लोक आधी हसतात, मग माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं घर चिकलठाण्यात, जुन्या गावठाणात. मागे आता उंच इमारती उठल्यात, आणि विमान उतरायला लागलं की पत्रे थरथरतात. पाहुणे दचकतात. आम्ही बोलता बोलता थांबतो आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करतो. सासरच्यांचा मूळ धंदा मेंढरांचा. मेंढरं गेली, जमीन थोडी कारखान्यांत गेली, थोडी प्लॉट पाडून गेली, राहिल्या त्या शेळ्या. माझं माहेर देवगाव रंगारीचं. तिथंही हीच कथा, फक्त शेत अजून शाबूत आहे. कन्नडच्या कॉलेजातून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, चांगल्या मार्कांनी झाले, आणि हळद लागून इथं आले.

घरात आम्ही पाचजण. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीने मामा म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. धाकटा दीर वाळूजला कंपनीत. आणि मी. लग्न झाल्यापासून मी नोकरी बघत होते, आणि घरात त्याला नाव होतं, ‘हिचं खूळ’. नवऱ्याची हरकत नव्हती. त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं, “मामांना विचार.” स्वतःच्या बापाला स्वतः विचारायची त्याची छाती नव्हती, म्हणून बायकोला पुढे ढकलायचा. जवळच्या एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत माणसं घेत होते. कॉलेजातली मैत्रीण तिथं होती, तिने माझं नाव सांगितलं, मुलाखतीचा दिवसही ठरला. त्या दिवशी मी पोळ्या लाटत बसले. मामांना विचारायची हिंमत झाली नाही. त्या पोळ्या चांगल्या झाल्या नव्हत्या, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती सर्वेवाली मॅडम पहिल्यांदा आली. स्कूटी, तोंडाला गुंडाळलेला स्टोल, खांद्याला पिशवी, पिशवीत सरकारी टॅब. कोणत्या घरात कोण काय काम करतं आणि कोण बिनकामाचं आहे, याची ती पाहणी. निवडलेल्या घरांत पुन्हा पुन्हा विचारायचं, म्हणजे काही बदललं का ते कळतं, असं तिने सांगितलं.

आमच्याकडे सरकारी माणूस दाराशी आला की घरातला मोठा पुरुष ओट्यावर मांडी घालतो आणि सगळ्यांची उत्तरं तोच देतो. बाकीचे दारात उभे. त्यात मामांच्या घराण्याची आणखी एक शिकवण आहे. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात चराईचा कर घेणारा कारकून आला की निम्मी मेंढरं नाल्यात उतरवून ठेवायचे आणि कारकुनाला गूळपाणी द्यायचे. एकदा नाल्यातून एक कोकरू ओरडलं, तेव्हा आजोबांनी कसा मोठ्याने खोकला काढला, ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकतो. सरकारला खरा आकडा द्यायचा नसतो, हे मामांना बाळकडूतच मिळालंय.

“थोरला शेंद्र्याला, परमनंट,” मामांनी सुरुवात केली. “धाकटा वाळूजला कंपनीत.”

“आणि तुमच्या मिसेस?”

“ती काय करनार? घरीच असती.”

“जनावरं वगैरे?”

“आता कुठली जनावरं, मॅडम? शहर झालं की हे.”

“सूनबाई?”

“तीबी घरीच.”

“काम शोधतात का? मिळालं तर करतील?”

मामा हसले. “सुनंला कामाला धाडायची पाळी नाय आली आमच्यावर अजून.”

मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. काम मिळालं तर करशील का? या घरात हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सरकारने विचारलं, आणि उत्तर मामांनी दिलं. चहा देताना माझी कपबशी वाजली आणि मॅडमने माझ्याकडे एकदा वर बघितलं, बस.

आता त्या उत्तरांतलं खरं किती, ते सांगते. नवऱ्याचं खरं होतं. दिराला मात्र वाळूजच्या कंपनीने ब्रेक दिला होता. गुत्तेदाराकडच्या, म्हणजे कंत्राटी पोरांना काही महिने झाले की असा ब्रेक मिळतो, म्हणजे घरी बसा, गरज लागली तर बोलावू. बोलावणं काही आलं नव्हतं. पण पैठणकडची एक सोयरीक त्याच्यासाठी चालू होती आणि बायोडाट्यात ‘कंपनीत’ असं लिहिलेलं. म्हणून भाऊजी रोज सकाळी बाईक काढायचे, डबा घ्यायचे आणि मित्राच्या टपरीवर दिवस काढून संध्याकाळी परत यायचे. तो डबा रोज मी भरायचे. नसलेल्या नोकरीसाठी भाजी-पोळी! भाऊजी कमावते म्हणून लिहिले गेले आणि मी घरीच असते म्हणून.

आणि आत्याबाई घरी बसणाऱ्या? पहाटे उठून शेळ्यांना पाला आणणं, धारा काढणं, चौकातल्या हॉटेलला दूध पोचवणं, दुपारी विमानतळाच्या कुंपणाकडच्या पडीकावर चारून आणणं. त्यांच्या लग्नात बापाने एक शेळी आंदण दिली होती. आताच्या सगळ्या तिच्याच वंशातल्या. त्या घराण्यात आंदणाच्या शेळीची धार बाईने स्वतःच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी रीत आहे. मला ती माहीत नव्हती. लग्न नवीन असताना मी मदतीला म्हणून चरवी घेऊन बसले, तर आत्याबाईंनी चरवी हातातून काढून घेतली. “माझ्या शेळ्यांला हात लावू नको.” एवढंच म्हणाल्या. ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं राहिलं होतं.

पुढे एका संध्याकाळी टीव्हीवर सांगत होते की बेकारी घटली. कोट घातलेला एकजण टाळ्या मिळाव्यात अशा थाटात बोलत होता, दुसरा म्हणत होता हे आकडे दिल्लीत शिजवलेत. भाऊजी समोर बसून संध्याकाळचा भात जेवत होते. मामांनी आवाज वाढवला आणि समाधानाने म्हणाले, “बघा. घटली.”

मला असा संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली. घटली कशी नाही? आमच्या घरातूनच घटली होती! दोन बेकार माणसं एका चहात गायब झाली. दिल्लीत काय शिजतं ते मला माहीत नाही. त्या कोटवाल्याचं खरं की दुसऱ्याचं, हेही मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरचा आकडा आमच्याच ओट्यावर नासला होता, साखर घालून नासला होता, आणि मी ट्रे धरून उभी होते.

दुसऱ्या खेपेला मॅडम आलीच नाही, फोन आला. मामांनी तो कानाला लावला, “हां, हां” केलं आणि म्हणाले, “सगळं तसंच हाय.” फोन बंद. मी कणीक मळत होते. हात धुऊन बाहेर येईपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्यांच्या आयुष्यात काहीही बदललेलं नाही, अशी सरकारदरबारी नोंद झालेली होती.

त्याच सुमारास मैत्रिणीचा निरोप आला. तिच्या प्रयोगशाळेत पुन्हा मुलाखती होत्या. “या वेळी पोळ्या लाटत बसलीस तर मी परत विचारणार नाही,” तिने बजावलं. तिचं बरोबर होतं. ही संधी गेली की माझी केमिस्ट्री डब्यात भाजी भरण्यातच संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मामांसमोर तोंड उघडायचं एवढंच काम होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी मला मॅडम दिसली. दुसऱ्या कुठल्या घरी चालली होती. मी भाजीची पिशवी घेऊन तिच्या स्कूटीच्या आडवी झाले.

“आमच्या घरी चला.”

“तुमची नोंद फोनवर होईल, ताई. आणि मागच्या खेपेला तर सगळं तसंच आहे म्हणाले.”

“तसंच आहे, पण जे लिहिलंय ते तसं नाहीये. तुम्हाला खरं हवंय ना?”

तिने स्टोल खाली केला. माझ्याहून लहानच होती. “ताई, मी कंत्राटावर आहे,” ती हसत म्हणाली. “पण खरं तर हवंच. चला.”

मामा ओट्यावर होतेच. मॅडमला बघून मांडी घातली. “या या. सांगितलं ना फोनवर.”

“मामा,” मी म्हटलं, “या वेळी माझं मी सांगते.”

“तू आत जाऊन चहा टाक.”

“टाकते. सांगून झालं की टाकते.”

शेजारची बाई वाळवण आवरता आवरता थांबली. मॅडमने मामांकडे बघितलं नाही, टॅब उघडला आणि विचारलं, “काम शोधताय का?”

“शोधतेय. लग्न झाल्यापासून.”

“मिळालं तर जाल?”

“उद्या बोलावलं तर उद्या जाईन,” मी म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच विमान आलं. पत्रे थरथरले, सगळे थांबले. मॅडमने कानाला हात लावून खूण केली की ऐकू आलं नाही. पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज कापला होता. विमान गेलं, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. या खेपेला आवाज कापला नाही. विमानाचे उपकार मी अजून मानते.

मामा लालबुंद झाले होते, पण परक्या बाईसमोर बोलता येईना. मॅडम पुढे विचारत होती, “गेल्या सात दिवसांत घरच्या शेतात, दुकानात, जनावरांत काही काम केलंत? तासभर जरी केलं असेल तरी सांगा.”

“जनावरंच नायत,” मामा म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बोळातून एक शेळी टपाटप आली, ओट्यावर चढली आणि टॅब हुंगायला लागली.

“शेजाऱ्याची हाय,” मामा म्हणाले.

शेळी सरळ आत्याबाईंकडे गेली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली. शेजारची बाई खुदकन हसली. मामांनी खोकून बघितलं, पण आजोबांचा खोकला काही जमला नाही.

मॅडमही हसली, पण मग तिने मला नियम सांगितला. शेळ्या घरच्या असतील, दूध विकलं जात असेल आणि मी त्यात हातभार लावत असेन, तर मी बेरोजगार नाही. मी कामावर आहे. तासभर पाला घातला तरी कामावर. म्हणजे इतकं धाडस करून मी पुन्हा गायब होणार होते, या वेळी नियमाने!

मामांचा चेहरा उजळला. ज्या शेळ्या आत्ता क्षणापूर्वी अस्तित्वात नव्हत्या, त्या त्यांनी एका दमात माझ्या गळ्यात बांधल्या. “करती की! सगळं तीच बघती शेळ्यांचं. लिहा, कामाला हाय.”

“कोन बघती?”

हा आवाज आत्याबाईंचा होता. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, एक हात शेळीच्या मानेवर. सरकारी माणसासमोर त्यांना बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

“शेळ्या माझ्या हायेत. माझ्या बापानं आंदन दिलेल्या. हिनं आजवर एकीची धार काढली नाय, म्या काढू दिली नाय. पाल्याच्या काडीला हात लावला नाय हिनं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अन् ती काम शोधती. त्या दिसाला मुलाखत सोडून पोळ्या लाटत बसली व्हती, त्या समद्या करपल्या. मला कळत नाय व्हय? लिहा, मॅडम. तिला काम पायजे.”

मला रडू आलं. ते कुसळ इतके दिवस टोचत होतं, आणि त्याच वाक्याने मला सोडवलं होतं. मॅडमने टॅबवर बोट फिरवलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. बेरोजगार. कॉलेजात निकाल वाचला होता तसं मी ते वाचलं.

“मग तुम्ही काम करता, आत्या,” मॅडम म्हणाली.

“म्या?” आत्याबाई चमकल्या. “म्या काय काम करती?”

“दूध कोण विकतं?”

“मीच की.”

“मग ते काय आहे?”

आत्याबाईंनी विचार केला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसू थांबेना. इतकी वर्षं काम केलं आणि आज लागल्या कामाला!

तेवढ्यात भाऊजी आले, हातात भरलेला डबा, उन्हाने वैतागलेले. ओट्यावरची गर्दी बघून थबकले. काय चाललंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि डबा खाली ठेवला. “माझंबी लिहा मग. मला ब्रेक दिलाय. मी बेकार हाय.”

मामांनी डोळे मिटून घेतले.

“गेल्या सात दिवसांत काहीच काम नाही?” मॅडमने विचारलं.

“नाय. मित्राच्या टेम्पोवर माल उतरवला परवा. त्याचे दिले त्यानं थोडे.”

“मग तुम्ही कामावर,” मॅडम म्हणाली. तिलाही हसू आवरेना. “नियम आहे दादा, मी काय करू?”

“परवाची हमाली, तीबी कामच का?” भाऊजी हताश होऊन म्हणाले. त्या क्षणी मला कळलं की सगळ्यांनी खरं सांगितलं तरी त्या आकड्याच्या पोटात काय काय मावतं. म्हणून हल्ली तो टीव्हीवर दिसला की मी त्याला शिव्या देत नाही आणि नमस्कारही करत नाही. तो कोणत्या ओट्यावरून आला असेल, एवढं मनात येतं.

मॅडम गेल्यावर मी शिरा केला. आत्याबाईंनी स्वतः तूप घातलं. मामा ओट्यावरच फुगून बसले होते. सुनेला बेकार लिहून घेतलं, पोराने ब्रेकचं वाजवून सांगितलं, आता सोयरिकीचं काय, गल्लीत इज्जत काय राहिली! संध्याकाळी आत येऊन त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं. “उरलाय का?” मी वाटी भरून दिली. खाता खाता, वाटीतच बघत, त्यांनी विचारलं, “त्या कंपनीची बस कुठं थांबती?”

“जालना रोडला. फाट्यावर.”

“सकाळी अंधारच असंल तिथं.” आणखी एक घास. “मी येईन सोडायला.”

मुलाखत झाली. विचारलेलं सगळं आलं असं नाही, पण ब्युरेटची नळी हातात दिल्यावर हात थरथरला नाही. मला घेतलं! पहिल्या दिवशी मामा फाट्यावर माझ्याशेजारी मफलर गुंडाळून उभे होते आणि बसच्या ड्रायव्हरची अशी उलटतपासणी घेत होते की तोच उमेदवार वाटावा. भाऊजींची पैठणची सोयरीक मात्र मोडली. आता ते मित्राच्या टेम्पोत भागीदार आहेत आणि नव्या बायोडाट्यात तेच लिहिलंय. डबा मात्र ते स्वतः भरतात, माझाही कधीकधी तेच भरतात. भाजी जरा तिखट असते.

पुढे केव्हातरी टीव्हीवर बेकारी किंचित वाढल्याची बातमी आली. तोवर मी नोकरीत रुळले होते. मामा चिडून म्हणाले, “वाढलीच शेवटी.” आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आपल्याच घरातनं वाढली ती.” देशाच्या आकड्यात आमचं घर म्हणजे किस झाड की पत्ती, हे मला कळतं. तरी त्या संध्याकाळी मला असं वाटलं की पडद्यावरच्या त्या चढत्या रेघेला मी खालून एक बोट लावलंय.

पाहणीचा शेवटचा फोन आला तेव्हा माझी सुट्टी होती, सगळे घरात होते. मामांनी तो कानाला लावला. “हां मॅडम. सगळं तसंच...” आणि थांबले. विमान नव्हतं, काही नव्हतं, तरी थांबले. मग म्हणाले, “नाय, तसं नाय. लई बदललंय. थांबा, ज्याचं त्यालाच देतो.”

आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी कामावर आहे, असं मी सांगितलं. माझ्याकडून तो भाऊजींकडे गेला, त्यांच्याकडून आत्याबाईंकडे. आत्याबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडासमोर आणून मोठ्याने सांगितलं, “मी काम करती. माझ्या शेळ्या हायेत.” पलीकडून मॅडमने किती म्हणून विचारलं असावं. आत्याबाईंनी मामांकडे बघितलं, आणि खरा आकडा सांगितला. मामांनी कपाळाला हात लावला, पण खोकले नाहीत.